साठ, साठ, साठ

फ्रिजच्या दारावर तक्ता लावायची कल्पना ताईचीच. बाळाला दवाखान्यातून घरी आणलं त्याच दुपारी तिने एका मोठ्या कागदावर पट्टीने रेघा मारल्या, सहा रकाने पाडले आणि चार चुंबक लावून तो कागद फ्रिजवर बसवला. वेळ, डावीकडे की उजवीकडे, किती मिनिटं, बाटलीतून किती मिलिलिटर, डायपर ओला की खराब, आणि शेवटच्या अरुंद रकान्यात नोंद करणाऱ्याची खूण. ताईची खूण त्रिकोण. नवरा लिफ्टच्या कंपनीत तपासनीस, म्हणून त्याने स्वतःसाठी वरखाली दोन टोकं असलेला बाण निवडला. आईने जन्मभर शिवणक्लास चालवलेला, तिने एवढीशी कात्री काढली.

"अगं ताई, बाळ आहे ते, बँकेचं लॉकर नव्हे," आई म्हणाली होती. "दूध पाजायचं नि वर सही ठोकायची!"

"तिला मोजल्याशिवाय चैन पडत नाही, आई," नवरा म्हणाला. "लग्नाच्या हॉलमध्ये हिने आधी खुर्च्या मोजल्या, मग मला पाहिलं." तो तिला मोजपट्टीच म्हणायचा. ताई हे नाव माहेरचं. धाकटा भाऊ बाबू तिला ताई म्हणायचा, त्याचं ऐकून आईबाबाही म्हणू लागले, आणि चौतिसाव्या वर्षी, घरापासून विमानाने चौदा तासांवर, ती स्वतःच्या आईचीही ताईच होती.

तक्ता असा असायला कारण होतं. ताई पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कामाला होती. शहरातल्या टाक्यांचे, नळांचे, पोहण्याच्या तलावांचे नमुने यायचे. ते काचेच्या बशांत घालून जंतू वाढवायचे, दुसऱ्या दिवशी भिंगाखाली ठिपके मोजायचे आणि आकडा वहीत चढवायचा. शाईनेच. पेन्सिल नाही, खोडरबर नाही, पांढरा रंग तर नाहीच. चूक झाली तर त्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी. शेजारी बरोबर आकडा लिहायचा, सही करायची, तारीख आणि वेळ घालायची. चूक लपवायची नसते, एवढाच त्याचा अर्थ. सात वर्षं हे केल्यावर माणूस घरातही तसाच वागतो.

आणि बाळ तसंच होतं, मोजून ठेवावं असं. पाच आठवडे आधी जन्मलेलं, दोन किलो दीडशे ग्रॅम. नवऱ्याने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो म्हणाला, "ही तर टिकलीएवढी आहे," आणि मुलगी टिकली झाली. तिला नीट ओढता यायचं नाही. दहा मिनिटं प्यायची आणि दमून झोपायची. ताईच्या अंगावरही सुरुवातीला पुरेसं दूध नव्हतं. दर तीन तासांनी ती पंप लावून बसे, आणि बाटलीच्या तळाशी वीस-बावीस मिलिलिटर जमलं की उजेडात धरून बघे. आईने तिच्या पाठीला शेक दिला, केस विंचरले, मऊ भात भरवला. "येईल गं, दूध कुठे पळून जातंय," असं दिवसातून दहादा म्हणाली. पाचव्या आठवड्यात खरंच आलं. वजन करायला घरी येणारी नर्स म्हणाली, "हे तुम्ही कमावलंय." त्या दिवशी ताईने तक्त्याच्या कोपऱ्यात, कुठल्याच रकान्यात न बसणारा, एक छोटा तारा काढला.

नवव्या आठवड्यात, एका बुधवारी, ती कामावर रुजू झाली. कंत्राटावरची नोकरी पक्की व्हायला अजून दोन महिने होते. मध्ये रजा वाढवली असती तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. पाळणाघरात नाव तिने पोटात चार महिने असतानाच घातलं होतं, पण यादी लांबलचक. त्याचा पाठपुरावा नवऱ्याकडे होता. ती विचारायची आणि तो मान हलवायचा, "अजून काही नाही." तोवर आई होती. परतीचं तिकीट सहा महिन्यांचं, त्यातले पावणेपाच संपलेले.

प्रयोगशाळेत काचसामानाच्या खोलीत एक खुर्ची आणि एक प्लग होता. तिथे, रिकाम्या बाटल्यांच्या रांगांमध्ये बसून, ताई दिवसातून तीनदा दूध काढायची. प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी: तारीख, वेळ, मिलिलिटर. बर्फाच्या पिशवीत घालून घरी आणायची. साहेबांनी एकदा विचारलं, "हा कुठल्या तलावाचा नमुना?" आणि स्वतःच लाजून निघून गेले. घरी आल्यावर बाटल्या फ्रिजमध्ये ओळीने लागत, दुसऱ्या दिवशीसाठी. संध्याकाळी आदल्या दिवशीच्या तीन रिकाम्या, धुतलेल्या बाटल्या ओट्यावर पालथ्या घातलेल्या असत, आणि तक्त्यावर तीन कात्र्या.

सगळं कसं शिस्तीत चाललं होतं. आई दुपारी टिकलीला पायांवर झोपवून फ्रॉक शिवायची. मशीन नव्हतं, हातानेच. पण टाके असे की मशीन लाजेल. फिक्या रंगांचं पातळ सुती कापड ती येतानाच ट्रंक भरून घेऊन आली होती. बिनबाह्यांचे, गळ्याला पट्टी लावलेले फ्रॉक.

"हे कधी घालणार ती?" ताईने एकदा विचारलं. "इथे वर्षातले दोन महिने सोडले तर स्वेटरच."

"मग त्या दोन महिन्यांत घालेल."

"आई, हा तर तीन वर्षांच्या पोरीचा आहे."

"मुली वाढतात बाई. तुझ्या बशीतल्या जंतूंसारख्या. आज नाही म्हणता म्हणता उद्या झाकण उचलतात." आई हसली, आणि दोरा दाताने तोडला.

ताईही हसली होती.

मग हळूहळू एक गोष्ट डोळ्यांत सलायला लागली. टिकली संध्याकाळी अंगावर घेतली की तोंड फिरवायची. दोन घोट घ्यायची, चिडायची, मुठी आवळून लाल व्हायची. आई म्हणे, "दिवसभर बाटलीची सवय झाली, अंगावरचं कष्टाचं वाटतं." ते पटण्यासारखं होतं. डायपरचा रंग बदलला होता, वासही. ताईने तेही तक्त्यात लिहिलं. आणि कामावरून आल्यावर टिकलीच्या मानेच्या वळीत नाक खुपसलं की एक गोडसर, भाजक्या पिठासारखा वास यायचा. ज्या बाईचं अर्धं काम वासावर चालतं, तिला तो वास आपल्या दुधाचा नाही हे कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण कळणं आणि मनाने मान्य करणं यांत बरंच अंतर असतं, आणि त्या अंतरात तिची आई उभी होती.

शनिवार उजाडला. नवऱ्याची ड्यूटी दुपारपर्यंत. कागद भरला म्हणून ताई नवा तक्ता लावत होती. जुना खाली उतरवून टेबलावर पसरला, तेव्हा तो तिने पहिल्यांदाच सलग पाहिला.

शनिवार-रविवारच्या बाटल्यांच्या ओळी तिच्या हातच्या होत्या. नऊ चाळीसला पस्तीस. सव्वाअकराला ऐंशी. दोन दहाला पन्नास, मध्येच झोपली. तीनला पुन्हा तीस. मधले सगळे दिवस आईच्या हातचे. नऊला साठ. बाराला साठ. तीनला साठ. नऊ, बारा, तीन. साठ, साठ, साठ. खाली कात्र्या एकाखाली एक, बटणं लावावीत तशा.

प्रयोगशाळेत एकदा एका नव्या मुलाने आठवडाभराचे आकडे असे आणले होते. साहेबांनी वही उघडली आणि एकच प्रश्न विचारला, "तू नळावर गेला होतास का?" खरं मोजलेलं असं सरळ रांगेत येत नाही. बाळ तर घड्याळ लावून कधीच भुकेजत नाही.

ताईने स्वतःला दटावलं. आई दमते, अंदाजाने लिहीत असेल. साठाची बाटली संपली की साठ. आपण म्हणजे आईचीही परीक्षा घ्यायला निघालो! न्हाणीघरातून पाण्याचा आणि आईचा आवाज येत होता, "कोण गं पायाचं पाणी उडवतंय? कोण गं आजीला भिजवतंय?" टिकलीला घालायचं झबलं खुर्चीवर काढून ठेवलेलं होतं, त्याचं बटण लोंबत होतं. आई तिला आंघोळ घालून आणेपर्यंत टाका घालावा म्हणून ताईने शिवणाची पिशवी ओढली आणि सुई शोधायला आत हात घातला.

हाताला पत्र्याचा गार डबा लागला.

तो घडी घातलेल्या फ्रॉकांच्या खाली, अगदी तळाशी होता. बाळाच्या दुधाच्या पावडरीचा डबा. आठशे ग्रॅमचा. त्याच्याखाली एक कागदी पाकीट, आणि पाकिटात पांढऱ्या चादरीवर झोपवून काढलेले टिकलीचे फोटो. चौकोनी, लहान, पासपोर्टला लागतात तसे. सहा प्रती. कान दोन्ही दिसत होते.

ताईने आरडाओरड केली नाही. तिने स्वयंपाकघरातला काटा ओट्यावर ठेवला, त्यावर भांडं ठेवून शून्य केला आणि डबा भांड्यात रिता केला. तीनशे नऊ ग्रॅम. म्हणजे चारशे एक्क्याण्णव गेले. एका चमच्यात साडेचार ग्रॅम. डब्यावरच लिहिलं होतं. एकशे नऊ चमचे. चमच्याला तीस मिलिलिटर पाणी. साठच्या बाटलीला दोन चमचे, दिवसाला तीन बाटल्या, सहा चमचे. ती कामावर गेली ते दिवस अठरा. अठरा सक एकशे आठ.

एक चमचा सांडला असेल.

गणित सुटलं. मधूनमधून नाही. आज कमी पडलं, तिने जास्त मागितलं, म्हणून नाही. पहिल्या बुधवारच्या पहिल्या बाटलीपासून सगळंच्या सगळं. मग काचसामानाच्या खोलीत बसून काढलेलं, चिठ्ठ्या लावलेलं, बर्फात घालून बसमध्ये मांडीवर धरून आणलेलं दूध कुठे गेलं? ओट्यावर तीन बाटल्या पालथ्या होत्या. त्यांच्या शेजारी मोरी होती.

आई टिकलीला टॉवेलात गुंडाळून बाहेर आली. "घ्या, झाली आमची आंघोळ, आता..." तिची नजर भांड्याकडे गेली. तिने बाळ छातीशी जरा घट्ट धरलं.

"किती दिवस देते आहेस?" ताईने विचारलं.

"काय?"

"आई."

"अगं, पुरत नव्हतं तिला. तुला वाईट वाटेल म्हणून..."

"पुरत नव्हतं तर माझं दूध आधी द्यायचं आणि वर हे. तू माझं ओतून देत होतीस." तिचा आवाज अगदी हळू होता. वर्गात उत्तर देताना असायचा तसा. "आणि हे फोटो?"

आई खुर्चीवर बसली. टिकलीचे ओले केस पुसत राहिली. मग म्हणाली, "जावई सांगणारच होते तुला."

"काय सांगणार होते?"

"माझ्याबरोबर तिला पाठवायचं असं ठरलंय."

"कुणाचं ठरलंय?"

"त्यांचं, तुझ्या सासूबाईंचं. मला विचारलं, मी हो म्हटलं. दोन वर्षं, फार तर तीन. इथे तुमच्या दोघांच्या नोकऱ्या, घरात तिसरं माणूस नाही. विमानात, तिथे, कुठे मिळणार तुझं दूध? एकदम तोडलं असतं तर पोर आजारी पडलं असतं. म्हणून आधीपासून सवय लावली. वाईट काय केलं मी?"

"पुढच्या सोमवारी जाणार होतीस तू. नऊ दिवस राहिलेत. मला कधी कळणार होतं?"

"तिचं तिकीट हातात आलं की सांगू म्हणाले ते."

"पाळणाघरात जागा मिळाली तर?"

आईने टॉवेलचं टोक पुन्हा पुन्हा घडी केलं. तिला खोटं बोलणं जमत नसे. लिहिणं जमलं होतं, एवढंच. "मिळाली होती. महिन्यापूर्वी. सोडली त्यांनी."

ताई ओट्याला टेकली. आपली माणसं केसाने गळा कापतात म्हणजे नेमकं काय करतात, हे तिला आजवर कळलं नव्हतं. गळ्याला काहीच लागत नाही. केसच असतो तो. हवाहवासा, ओळखीचा, तेल लावलेला.

"तू मला पाठीला शेकत होतीस," ती म्हणाली. "दूध यावं म्हणून."

"तेव्हा ठरलं नव्हतं गं!" आईचे डोळे भरले. "तू नळ सोडून न्हाणीघरात रडायचीस, मला ऐकू यायचं नाही का? आई आहे मी तुझी. मला तुझी दशा बघवेना. आणि काय जगावेगळं आहे यात? तूही नव्हतीस का राहिलीस मावशीकडे? बाबू झाला तेव्हा दोन वर्षं. काय बिघडलं तुझं? चांगली शिकलीस, इथवर आलीस."

"दोन वर्षं?" ताई म्हणाली. "मला तर सांगितलं होतंस की सुट्टी होती. उन्हाळ्याची."

टिकलीने जांभई दिली. ताईने पुढे होऊन तिला उचलून घेतलं, आणि आईचे हात तसेच, घेतलेल्या आकाराचे, थोडा वेळ मांडीवर राहिले.

नवरा चार वाजता आला. दारातूनच त्याने टेबलावरचा डबा, फोटो आणि सासूचा चेहरा पाहिला, आणि बूट काढायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला.

"मोजपट्टी, आधी माझं शांतपणे ऐकून घे."

"ऐकते. टिकलीच्या कागदांची निळी फाइल आण."

"ती ऑफिसात आहे."

"ती तुझ्या हत्यारांच्या पिशवीत आहे. महत्त्वाचं सगळं तू तिथेच ठेवतोस. आपला लग्नाचा दाखला सहा महिने पान्ह्यांच्या खाली होता."

एरवी तो हसला असता. त्याने फाइल आणली. त्यात टिकलीचा पासपोर्ट होता, नवाकोरा, आणि एक छापील कागद: मूल आजीबरोबर परदेशी जाण्यास माझी संमती आहे. खाली ताईची सही. तिचीच, वळणात काही खोट नव्हती.

बघताक्षणी तिला ती दुपार आठवली. घरी आल्याचा चौथा दिवस. टिकली अंगाशी, कशीबशी लागलेली, हललं तर सुटेल म्हणून ताई श्वासही बेताने घेत होती. नवरा फाइलचा आधार देऊन एकेक कागद पुढे करत होता. जन्मनोंदणीचे आहेत, इथे, इथे आणि इथे. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा दोनदा वाचणारी ती बाई, तिने तीन सह्या न वाचता ठोकल्या होत्या. कारण कागद तो धरून उभा होता.

"तुझीच सही आहे," नवरा म्हणाला. "मला वाटलं, तू वाचलंस आणि गप्प बसलीस. म्हटलं, तुलाही आतून हेच हवं असेल."

"तिसऱ्या कागदाच्या वरच्या अर्ध्या भागावर तुझा तळवा होता."

त्याने पासपोर्ट उचलला आणि पुन्हा ठेवला.

"जन्मून तेरा दिवस झाले होते तिला," ताई म्हणाली. "म्हणजे तेव्हाच ठरवलं होतंस. आईलाही नंतर सांगितलंस."

"मी तुझाच विचार केला. तू महिन्या-दीड महिन्यात पक्की होशील. माझ्या शिफ्ट बदलत्या. पाळणाघरात पोरं आठवड्यातून तीन दिवस आजारी पडतात, कोण घरी राहणार? तिकडे दोन आज्या आहेत, हातावर घेऊन फिरतील. तिला रोज फोनवर बघू. माझ्या कंपनीत चौघांची मुलं तिकडेच आहेत, कुणी मेलं नाही त्याने."

"मला विचारलं का नाहीस?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. खोटं बोलून बोलून दमलेल्या माणसाला शेवटी खरं बोलायची सूट मिळावी, तसा त्याचा आवाज एकदम साधा झाला. "तू नाही म्हणाली असतीस."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा टूक-टूक आवाज बराच वेळ येत राहिला.

ताईने टिकलीला डाव्या खांद्यावर घेतलं आणि उजव्या हाताने टेबलावरचं पेन उचललं. कागद फाडावा असं एकदाही तिच्या मनात आलं नाही. फाडलेला कागद म्हणजे कधी नव्हताच असा कागद; आणि तो होता, त्यावर तिने सही केली होती. तिने आपल्या सहीवर एक आडवी रेघ मारली. सरळ, बारीक, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं: ही संमती चुकीची आहे. संमती नाही. सही. तारीख. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून वेळ, चार बत्तीस.

"त्याने काय होतं?" नवरा म्हणाला. "नोंदणीच्या कार्यालयात प्रत आहे."

"सोमवारी तिथे जाते."

"असं काय करतेस! लोक काय म्हणतील? माझ्या आईने तिकडे खोली रंगवून घेतली."

"कुठला रंग?" ताईने विचारलं. त्याला उत्तर माहीत होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसलं, आणि तिला तेवढं पुरे झालं.

सोमवारी ती कामावर गेली नाही. टिकलीला पोटाशी बांधून बसने नोंदणी कार्यालयात गेली आणि एकोणचाळीस नंबरची चिठ्ठी घेऊन बाकावर बसली. खिडकीतल्या बाईंनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवून कागद वाचला, मग तिच्या ओळखपत्रावरची सही पाहिली.

"आधीची सहीही तुमचीच?"

"हो."

"मग आता मत बदललं?"

"नाही. मत तेव्हाही हेच होतं. विचारलं नव्हतं."

बाईंनी तिच्याकडे, मग पोटाशी बांधलेल्या गाठोड्याकडे पाहिलं. शिक्का उचलला, तारीख फिरवली आणि मारला. संमती मागे घेतल्याची प्रत ताईने उभ्याउभ्याच वाचली. दोनदा. पासपोर्ट तिने जाताजाता प्रयोगशाळेतल्या आपल्या कपाटात ठेवला. त्याची किल्ली एकच होती. साहेबांना तिने दोन महिन्यांची बिनपगारी रजा मागितली.

"पक्कं व्हायची मोजणी पुन्हा सुरुवातीपासून होईल," ते म्हणाले. "ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

पाळणाघराची जागा गेली ती गेलीच. यादीत नाव पुन्हा शेवटी लागलं. या वेळी फोन नंबर तिने स्वतःचा दिला.

पुढचा आठवडा घरात तीन माणसं बेताने वावरली. मीठ दे, दार लाव, पाणी तापलंय, एवढंच बोलणं. नवरा बाहेरच्या खोलीत झोपायला लागला. मध्येच एकदा त्याने सहीसाठी कुरिअरची पावती पुढे केली. ताईने ती हातात घेतली, खिडकीपाशी नेली आणि दोन्ही बाजूंनी वाचली. तो बाजूला उभा राहून वाट बघत होता. पावतीच होती. तिने सही केली. त्याला त्या वाचण्याने जेवढं लागलं तेवढं भांडणाने लागलं नसतं, आणि तिला हे कळूनही तिचा हात थांबला नाही.

टिकलीला अंगावर पुन्हा वळवायला ताईला दिवसच्या दिवस लागत होते. दोन मिनिटं, रडणं. तीन मिनिटं, रडणं. आई दारातून बघायची. एकदा न राहवून म्हणाली, "डोकं जरा वर धर." ताईने वर धरलं. टिकली चार मिनिटं प्यायली. आभार मानावेत असं ताईला वाटलं, पण शब्द आले नाहीत, आणि आईनेही वाट पाहिली नाही.

निघायच्या दिवशी आईने ट्रंक भरली. फ्रॉक मात्र पलंगावर तसेच ठेवले. सात होते, एकापेक्षा एक मोठे. "हे ठेवून जाते," ती म्हणाली. "दोन महिन्यांचा उन्हाळा असतो म्हणतेस तर..."

ताईने मान हलवली.

"ताई, एकदा घेऊ दे गं तिला."

ताईने टिकलीला आईच्या हातात दिलं. पण देऊन झाल्यावर ती बाजूला झाली नाही. दाराला पाठ लावून, बाहेर जायची वाट अडवून उभी राहिली. ती तिथे का उभी आहे हे आईच्या लक्षात आलं. आईने बाळाच्या कपाळावर ओठ टेकवले आणि लगेच परत दिलं, जसं काही दुसऱ्याचं कापड मापाला आणलं होतं.

लिफ्टचं दार बंद झाल्याचा आवाज आला. नवरा आईला सोडायला गेला होता. ताईने टिकलीला पाळण्यात ठेवलं, जुना तक्ता टेबलावर पसरला आणि पेन घेतलं.

चोपन्न नोंदी होत्या. पहिल्या साठवर तिने रेघ मारली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. एकच, आडवी, खालचं वाचता येईल अशी. कात्र्यांना हात लावला नाही. प्रत्येकीशेजारी त्रिकोण, तारीख, वेळ. पण नियमाप्रमाणे खोडलेल्या आकड्याशेजारी बरोबर आकडाही लिहावा लागतो. एकूण किती, हे काट्याने सांगितलं होतं. कुठल्या दिवशी टिकली किती वाजता भुकेजली, किती प्यायली, मध्ये थांबून कुणाकडे बघून हसली, हे डब्याच्या तळाशी सापडणार नव्हतं. ते फक्त आईला माहीत होतं, आणि तिने साठ लिहिलं होतं.

ताईने बराच वेळ पेन हवेत धरलं. मग पहिल्या रेघेशेजारी लिहिलं: माहीत नाही. दुसऱ्याशेजारी: माहीत नाही. विसाव्या नोंदीपर्यंत पोचली तेव्हा पाळण्यात कुरकुर सुरू झाली.

ती उठली, टिकलीला घेतलं, डोकं जरा वर धरलं. मग एका हाताने फ्रिजवरच्या नव्या तक्त्यावर लिहिलं: पाच सव्वीस, डावीकडे. मिनिटांचा रकाना अजून रिकामा होता. टिकली पीत होती.